उलटी सही

काचेवर मागून रंगवायचं असतं, मासाम्बा मामा सांगायचा,
म्हणजे जे शेवटी करायचं ते आधी.
आधी बुबुळातला पांढरा ठिपका, मग बुबुळ, मग डोळा,
चेहरा त्याच्या मागाहून,
आणि आभाळ अगदी अखेरीस, उरेल त्या जागेत.
या सगळ्याच्या आधी सही.
तीही उलटी.

चौदाव्या वर्षी मी उलटं 'मरेमा' लिहायला शिकले.
त्या नावाखाली घालण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

त्याहीआधी बापाच्या होड्या,
गेत-न्दारच्या वाळूवर पालथ्या.
मी त्यांच्या पोटाशी बसून त्रिकोण भरायची,
लाल, पिवळा, लाल, मध्ये पांढरी रेघ.
रेघ हलली तर मासे हसतात, बाप म्हणायचा.
डिझेल, सुकत घातलेली मासळी आणि तेलरंग
यांचा वास मला पुष्कळ वर्षं एकच वाटे.

मामाकडे नवरीच्या भुवया, मांडी घातलेले शेख,
पोपटी आगगाडी, तिच्या खिडकीत सिंह.
त्याची रेघ मी इतकी गिरवली
की गिऱ्हाईक माझी काच त्याच्या नावानं घेऊन जाई
आणि पैसे मोजताना मामा माझ्याकडे बघत नसे.
हाताला वळण लागलं होतं,
पण ते दुसऱ्याच्या दारी जाणारं.

मग दाकारची शाळा.
एका बाईंनी पुस्तक उघडून निळा दाखवला,
कुठल्या थंड देशातला, नुसता निळा, कडेपर्यंत.
सहा महिने मी निळी झाले.
नंतर कुणाची तरी राखाडी.
सुट्टीत आई म्हणाली,
उसना बूबू घातलायस पोरी,
बाह्या बघ कशा लोंबतायत.

शेवटी परत आले तेव्हा समुद्रानं घर अर्धं नेलं होतं.
एक भिंत उभी, होड्यांकडची.
तिच्यावर बापानं ब्रश पुसलेले,
वीस वर्षांचे फटकारे, एकावर एक,
कुणी बघावं म्हणून न काढलेले.
पाणी घोट्यांशी आलं, गेलं.
मी हललेच नाही.
बाप पलीकडे बोंबलत होता, जेवायला चल म्हणून.

काल नवी काच धुतली.
मामाचा बारीक ब्रश डब्यातच राहू दिला.
जाडा घेतला, लाल काचेवर पुसला,
वाळायच्या आत पिवळा, मग अंगठा.
भरत भरत कडेला पोचले तेव्हा आठवलं,
सही राहिली.
आता ती कुठून घालणार?

मामानं काच उन्हात धरली,
सुलटी, उलटी, परत सुलटी.
इथे हिरवा कच्चा आहे, म्हणाला.
बराच वेळ धरून उभा होता.

कुणाची, ते विचारलं नाही.