लाभ, दोन, तीन

सारिका सात दहाच्या बसने नेरूळला जाते, लॅबमध्ये.
माझी सेकंड शिफ्ट. म्हणजे दुपारी दोनपर्यंत
हे घर, हा कपड्यांचा ढीग
आणि पावणेपाच वर्षांची गार्गी
माझ्या ताब्यात. किंवा मी तिच्या.

"बाबा, आज मी काय करायचं?"
काही करू नकोस, हे उत्तर चालत नाही.
तिला काम हवं, खरं.
भातुकलीच्या कुकरला शिट्टी होत नाही
हे तिला कळून चुकलंय.

मग मी तिच्यापुढे मेथी ठेवतो.
ती एकेक पान खुडते, त्याला नाव देते,
आणि काड्या भाजीत, पानं कचऱ्यात.
तिची पाठ वळली की मी कचऱ्यातून भाजी वेचतो.
दहा मिनिटांचं काम
दोघांनी मिळून केल्यावर पन्नास मिनिटांत होतं.

फरशी पुसताना तिचा हुकूम सुटतो,
"पाय वर!"
खाटेवर आबा.
आबा पाय वर घेतात.
फडकं पिळायचं विसरून मी बघत राहतो.

या माणसाने पस्तीस वर्षं
कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिली,
ट्रकमधून फळीवर, फळीवरून गाळ्यात,
पण घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही.
आई होती तोवर पाण्याचा तांब्याही हाताशी यायचा,
मागावं लागत नसे, खाकरलं की पुरे.
मी आठवीत असेन. आईला ताप होता
म्हणून भांडी घासायला बसलो,
तर म्हणाले, "ऊठ. लोक बघतायत."
कोण लोक?
कोपरखैरण्याच्या आमच्या त्या बैठ्या रांगेत
समोरच्या दारात फक्त एक मांजर होतं.

गच्चीवर कपडे वाळत घालायचे.
गार्गीचा हात दोरीला पोचत नाही,
माझे दोन्ही हात ओल्या चादरीत.
ती जिन्यात वाकून ओरडली,
"आबा, वर या ना, आम्हाला माणूस कमी पडतोय."

हे वाक्य तिने कुठे ऐकलं देव जाणे.
पण टोळीत माणूस कमी आहे म्हटल्यावर
अंगात कणकण असतानाही उठून जाणारे आबा
गुडघा धरत सोळा पायऱ्या चढले.

चिमटे तिच्या ओंजळीत.
एकेक त्यांना देत ती मोजू लागली, एक, दोन...
"एक नाही म्हणायचं. लाभ म्हणायचं," आबा म्हणाले.
"लाभ, दोन, तीन."
"का?"
पोरगी नावाला जागते.
आबा बराच वेळ शर्टाची बाही सरळ करत राहिले.
"माप घेताना तसंच म्हणतात," म्हणाले.
"का, ते मीही कधी विचारलं नाही."

लाभ, माझी पँट.
दोन, सारिकाचा पांढरा कोट.
तीन, हिचा फ्रॉक, उलटा, शिवण वर.
तेरानंतर ती थेट सोळावर गेली.
हिशेब आम्ही कुणीच तपासला नाही.
रबाळ्याकडून वारा आला,
कंपन्यांचा तो आंबूस वास घेऊन,
चादर फुगली
आणि आबांनी ती, घसरतं पोतं सावरावं तशी,
खांदा लावून धरली.

जेवताना मेथीत काड्या. कुणी काही बोललं नाही.
आबांनी ताट उचललं नाही,
खोटं कशाला सांगू.
गार्गीकडे सरकवलं फक्त.
ती म्हणाली, "मी छोटी आहे, सांडेल माझ्याकडून.
ही बाजू तुम्ही धरा."
मोरीपर्यंत सात पावलं.
दोघं खेकड्यासारखी तिरकी चालत गेली,
मधे ताट, ताटात आमटीचं डुगडुगतं तळं.

मी बूट घालत होतो, डबा बगलेत.
आतून नळ सोडल्याचा आवाज,
वाटीवर वाटी,
मग एक खरखरीत गळा, जरा दबकतच,
"लाभ..."
"दोन. आबा, मागून पण घासा."