सहा क्रेट

फोनवर पुण्याच्या माणसाने विचारलं,
"हौदा किती लांब आहे तुमचा?"
मी म्हटलं, सहा क्रेट.
तो गप्प. मग हसला.
"फुटात सांगा, मॅडम."

बावीस वर्षं हर्णैहून सुरमई ओढली,
मला हौदा क्रेटमध्येच येतो:
लांबीला सहा, रुंदीला तीन, उंचीला चार,
वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर झोपलेला एक पोरगा.
फूट कधी लागलेच नाहीत.
तरी अंदाजाने म्हटलं, नऊ.
नऊ ऐकायला बरं वाटतं.

घर आलं.
दाभोळला, हिदायत सोलकरांच्या मांडवाशी उतरलं,
जिथे अर्ध्या होड्या बरगड्या उघड्या टाकून
कुणाच्या तरी पैशाची वाट बघतात.
पत्र्याची खोली: एक पलंग, एक शेगडी,
खिडकीला जाळी, जाळीत पुण्याची धूळ.
चार लांब जॅकांवर उभं राहिलं,
चिखलात बगळा उभा राहतो तसं.
मी पिकअप मागे घेत घेत
त्याच्या पोटाखाली शिरले.
पुढून ते केबिनला टेकलं
आणि मागून नुसतंच
येत राहिलं बाहेर.

हिदायतभाईंनी टेप काढला नाही. वीत टाकली.
"बाय, तू वरून मोजलंस काय?"
मी मोजलंच नव्हतं.
"वरचा काठ खोटं बोलतो. तळाला मोजायचं,
फाळका लावून, आतून."
साडेसात.
दीड फूट घर हवेत.

कापा, मी म्हटलं.
त्यांनी असं बघितलं, जणू मी
भरल्या होडीची नाळ उतरवायला सांगितली.

मग एक गोल वासा आणला,
घराखाली आडवा घातला, जॅक सोडले.
दोन पोरं या टोकाला, दोन त्या,
घर डुललं,
शेगडीवरचं माझं भांडं घरंगळत दाराशी आलं.
पुढे सरकव. थोडं मागे. थांब.
जिथे ते कुणाच्याच बाजूचं राहिलं नाही
तिथे त्यांनी कानावरची पेन्सिल काढून रेघ मारली.
"लांबी सोड आता. याचं वजन इथे राहतं.
ही रेघ मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पडायला हवी.
मागे पडली तर घाटात गाडी तोंड वर करील.
स्टिअरिंग हातात राहील,
रस्ता नाही राहायचा."

रेघ चार बोटं मागे पडली.
पाण्याची टाकी सोडवली, पुढे नेली.
सिलिंडर पुढे. बॅटरी पुढे.
माझी लोखंडी पेटीही पुढे,
तिच्यात काय आहे त्यांनी विचारलं नाही,
उचलून फक्त म्हणाले, "ही आधीच सांगायचीस."

शेवटी फाळका काढला.
त्यावर सासऱ्यांचं नाव,
त्यावर नवऱ्याचं, वेगळ्या रंगात,
त्यावर मुलाचं, स्टिकरचं.
हिदायतभाईंनी तो मजुरीत धरला.
त्यांच्या कोंबड्या आता संध्याकाळी
त्यावरून खुराड्यात चढतात.

फेरीबोटीवर तिकीटवाल्याने विचारलं,
"गाडी केवढी?"
साडेसात, मी म्हटलं. आणि वर दीड.
"दीड कशाचं?"
राहायचं.
त्याने डोकं खाजवलं आणि पिकअपचेच पैसे घेतले.

धोपावेच्या बाजूला जाताना
मी मागचं दार उघडून
त्या दीड फुटात चहा घेऊन उभी राहिले.
पायाखाली फळी होती, फळीखाली गाडी नव्हती.
फेरीबोटीचा पत्रा, आणि त्याच्याखाली ओहोटीची खाडी,
पुढे, माझ्या पाठीशी, ती रेघ.

धक्का जवळ आला तसा एक पोरगा
हात हलवत धावत आला:
"मावशी, गाडीत बसा! मागचं काय ते सांभाळा,
केवढं आहे बाहेर?"

मी वीत टाकून बघितली.
दोन,
आणि हा अंगठा.