साडेचार लिटर

वासी उत्तरायणही उलटलं होतं.
अख्खं बडोदं मान अवघडून झोपलेलं,
तेव्हा मी पजेरोखाली शिरले.
पाठीखाली गहू वाळवायची ताडपत्री,
कपाळाला पार्थिवची विजेरी.

गनीभाईंनी नवायार्डच्या गॅरेजात हात जोडले होते.
ताई, हिच्या गिअरबॉक्सचं तेल छेडू नका.
बावीस वर्षं कुणी बदललं नाही,
आता त्या गाळाच्या जोरावरच प्लेटी पकड धरून आहेत.
चोख तेल घालाल
आणि गाडी फाटकाबाहेर जायची नाही.

सहसा चुकत नाहीत ते.
माझ्या घरातही दोन-चार गोष्टी
न ढवळल्यामुळेच चालू आहेत.

पण गेल्या पुरानंतर, फत्तेगंजच्या पुलावर,
मागे साडेनऊ फुटी मादी, जबड्याला चिकटपट्टी, डोळ्यांवर ओला गोणपाट,
चढावर दुसरा गिअर पडायला इतका वेळ लागला
की सुस्कारा मगरीनंच सोडला.
पार्थिव हसला. मी नाही.

ही गाडी वरून गंजलेली नाही.
नेलेल्या प्रत्येक मगरीनं
थोडी थोडी विश्वामित्री हिच्या तळाला ठेवली.
मागे प्लायवूड टाकलंय,
प्लायवूड उचललं की कारेलीबागचा रस्ता दिसतो.

चेंबरचे बोल्ट अठरा.
चार दिवस रोज रात्री त्यांना औषध पाजलं,
रुसलेल्या पाहुण्यांसारखी एकेकाची मनधरणी केली.
सतरा आले.
अठरावा सुपारीसारखा फुटला.
मी जे बोलले ते पार्थिवनं ऐकलं,
ऐकलं नाही असं दाखवलं.

इंजीन नुकतंच बंद केलेलं, म्हणून तेल कोमट.
मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून बाहीत.
मुळात लाल असतं म्हणे.
हे जुन्या काढ्याच्या रंगाचं,
वास करपल्या शेंगदाण्यांचा.
चुंबकावर राखाडी लव साचलेली;
दोन बोटांत चोळून पाहिली.
कण टोचला असता
तर तसंच झाकण लावून, हात धुऊन, गप्प बसले असते.
मऊ होती. काजळासारखी.

वर शाफ्टला गुलाबी मांजा गुंडाळलेला,
मांज्याला कागदाची चिंधी.
कुणाचा तरी कापलेला पतंग
दोन दिवस माझ्याबरोबर
वडसर, कलाली, परत घर.

निघालेलं तेल श्रीखंडाच्या डब्यांनी मोजलं.
साडेचार लिटर.
तितकंच नवं आत जाणार, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.
उरलेलं निम्मं कन्व्हर्टरमध्ये अडकून असतं,
कितीही वाट पाहा, खाली उतरत नाही.
गनीभाईंना भीती जुनं सगळं जाण्याची,
आणि मी खाली पडल्या पडल्या म्हणतेय,
जाऊ म्हटलं तरी कुठं जातंय सगळं.
होळीला पुन्हा निम्मं काढीन.
अक्षय्य तृतीयेला पुन्हा.
तोवर जुनं नव्याला शिकवील
कुठल्या प्लेटीला कसं धरायचं.

नरसाळ्यातून लाल धार गेली.
इंजीन चालू. ब्रेकवर पाय.
दांडा प्रत्येक खुणेवर नेला, तिथं श्वासभर थांबवला,
परत आणला.
पट्टी पुसली, घातली, काढली,
दोन रेघांच्या मधोमध.

तेवढ्यात फोन. हरणीहून कुणी तरी,
गटाराच्या झाकणाखाली पिल्लू, हातभर,
मुलं खडे मारताहेत.
मी कपडेही बदलले नाहीत.

गाडी फाटकाबाहेर गेली, गनीभाई.
मात्र उलटी, रिव्हर्समध्ये;
गल्लीत वळवायला जागाच नाही.
रस्त्यावर येऊन दांडा पुढे टाकला.
एक क्षण काहीच नाही.
पार्थिव बाहेर उभा, हात चाकाच्या दिशेनं अर्धवट पुढे,
अडीच टनांना धक्का देणार असल्यासारखा.

फरशीवर अठराव्या बोल्टच्या खाली
एक थेंब. लाल.