राजाचे उच्चार

सात वर्षं मी दार उघडत होते.
प्रतीहारी. हातात वेताची काठी,
नाटकभर एकच वाक्य: जेदु जेदु देवो.
आणि देव कुठल्या बाजूने आत येणार
ते लोकांना कळावं म्हणून मान थोडी डावीकडे.
दिवसा सातपूरला, स्विचगियरच्या लाइनवर.
तिथेही हेच: दाबून बघायचं,
चालू होतंय ना, बंद होतंय ना.

यंदा ओजस म्हणाला, जयवंता, राजा तू कर.
नासिर तांबोळी, आमचा विदूषक,
दूधबाजारात शिवतो म्हणून कपडेपटही त्याच्याकडेच,
त्याने माझ्या खांद्यांकडे एकदा पाहिलं:
शेला अर्धा मीटर कमी करावा लागेल.
एवढाच काय तो राज्याभिषेक.

खांबेटे बाईंकडे, पंचवटीत, पहाटे सहाला.
श आणि ष एका घरात राहत नाहीत, त्या म्हणायच्या.
विसर्ग म्हणजे थंडीत काचेवर टाकलेला श्वास
हे माझं मलाच कळलं.
राजा संस्कृतात बोलतो.
राणी, दासी, दारावरची, लहान पोर, सगळी प्राकृतात.
विदूषक ब्राह्मण असून प्राकृतात.
का, बाई?
त्याला सारखी भूक लागते गं.
राजाला नाही लागत?
नाटकात नाही.

पेपरात फोटो आला. सुरगाण्याची कन्या राजाच्या भूमिकेत.
सात ओळी गावावर, तीन आश्रमशाळेवर,
एक बापाच्या नागलीच्या शेतावर, जे आमचं नाहीच.
सिंहासनावर मी बसते कशी, त्यावर काही नाही.
उजवा पाय आधी टेकवते, मग पाठ.
दोन महिने गेले त्यात.

एका रविवारी सगळे पांडवलेणीला गेलो.
ओजस मोबाइलच्या उजेडात भिंत वाचत होता:
राजाने भिक्षूंना शेत दिलं, त्याची आज्ञा.
मी ऐकत राहिले. ही भाषा माझ्या ओळखीची.
सात वर्षं काठी धरून हीच तर बोलले.
म्हटलं, इथला राजा प्रतीहारीसारखा बोलतो.
ओजस म्हणाला, तो शिलालेख. हे नाटक.
खाली अंबडच्या शेडचे पत्रे चमकत होते.

आई दुपारच्या एसटीने आली.
तिसरी रांग, मांडीवर पिशवी.
पडद्याच्या फटीतून ऐकलं, शेजारणीला सांगत होती:
राजा हाय ना, ती मानी पोसी.
दोन अंक तिचा चेहरा कोरडा.
दासी बोलली की मान हलायची,
मी बोलले की पिशवीचे बंद चाचपायची.

तिसऱ्या अंकात राजा राणीला म्हणतो, देहि मे हस्तम्.
दासी त्यालाच हत्थ म्हणते.
आई हात म्हणते.
मी हात पुढे केला.
ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं असं सांगितलं
तर ओजसला मुलाखतीत बरं पडेल, पण नव्हतं.
जीभ ह वर चढली आणि मधली पायरी तिने घेतलीच नाही.
देहि मे हत्थं.
विंगेतून प्रॉम्प्टर: स्त! स्त!
जसं कुणी मांजर हाकलतंय.
राणी थबकली, मग दिला हात. घामेजलेला.
तिसऱ्या रांगेत आईने पिशवी खाली ठेवली.

स्पर्धेत वेशभूषेचं बक्षीस नासिरला मिळालं.
परीक्षकांच्या कागदावर माझ्या नावापुढे:
राजाचे उच्चार एके ठिकाणी सैल.
तो कागद कंपनीच्या लॉकरला आतून चिकटवलाय.
पाळी सुटली की दार उघडते.
मान अजूनही
थोडी डावीकडे जाते.