घेवड्याचं टपाल

चौदा नंबरच्या फाटकाची कडी
मी गेली नऊ वर्षं डाव्या हातानंच काढते.
उजव्यात टपाल असतं. आत पाऊल टाकलं की माजलेला रुबार्ब,
त्याची पानं सुपाएवढी, ओली,
पोटरीला लागली की सकाळीच अंगावर काटा.

बेथेस्डाची ही वरची आळी. मागे खाणीचा ढीग,
पाटीच्या दगडाचा, निळा-काळा,
पाऊस पडला की जांभळा.
(पाऊस पडतोच.)
बाकीच्यांच्या पुढच्या दारी दोन हात गवत,
कुठे हायड्रेंजिया, कुठे सिमेंटचं बदक.
एमरिस प्रिचर्डच्या दारात
जुन्या न्हाणीच्या टबात बटाटे,
खिडकीखाली गूजबेरी, बोटं रक्ताळणारी,
लीक कवायतीला उभे, कोबी मात्र ऐसपैस,
आणि दारावर चढवलेला घेवडा, लाल फुलांचा,
इतका, की टपालाची फट चाचपावी लागते.

"मागे का नाही लावत?" पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
"मागे ऊन नाही," म्हणाला.
तिसऱ्या वर्षी म्हणाला, "मागे मांजरी."
सहाव्या वर्षी, गूजबेरी निवडता निवडता, मान वर न करता,
"मागे कोण येतंय, मेरेरिड?"

यंदा जुलैत वेलानं फट पार बुजवली.
कापायला तो तयार नाही. "कागदासाठी फुलं तोडू?"
मग मी पत्रं उपड्या कुंडीखाली ठेवू लागले.
नियमात बसत नाही,
पण नियम करणाऱ्यांच्या दारात घेवडा नसतो.

कुंडीखाली कोण राहतं, हे मला कळायला हवं होतं.
रात्री टॉर्च घेऊन तो त्यांना वेचतो,
मारवत नाही म्हणून बादलीतून नेऊन
चॅपलच्या भिंतीपलीकडे सोडून येतो.
आठवड्यात सगळ्या परत हजर.
गोगलगाय नि पोटात पाय, म्हणतात.
हिच्या पोटात बँगरच्या हॉस्पिटलची तारीख गेली.
खिडकीचं पाकीट, कडा जाळीदार,
"आपण कृपया" शिल्लक, "वाजता" शिल्लक,
मधे नुसती चंदेरी रेघ.

ते त्यानं मला दाखवलं, हसत,
जणू त्याच्याच वाफ्यात पिकलेलं काही खास.
मीही हसले. ते हसू अजून घशात आहे.
फोन करा, म्हटलं. करतो, म्हणाला.
लीकला माती चढवत होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या मंगळवारी त्याला नेलं.
छाती. जुनी धूळ, म्हणे. पाटीचीच.
आमच्या छपरावर तीच, कुंपणाला तीच, थडग्यावर तीच,
शाळेत माझ्या आजीनं
थुंकी लावून जिच्यावरच्या बेरजा पुसल्या, तीही तीच.

आता कडी डाव्या हातानं काढते, आणि थांबते.
त्यानंच सांगितलेलं:
शेंग वेळेवर तोडली नाही, तर वेलाला वाटतं
काम झालं, बी धरलं,
आता कशाला फुलायचं.
म्हणून तोडते. रोज. पिशवीभर.
विजेची बिलं, सोफ्याच्या सेलची पत्रकं, मधे शेंगा.
वरच्या आळीत प्रत्येक फटीतून चार-चार.
सोळा नंबरच्या कुत्र्यानं दोन जागीच संपवल्या.
एकोणीसच्या डिलिस ओवेनबाईंनी आतून परत ढकलल्या:
"पुरे गं बाई, फ्रीझरचं दार लागत नाही."

रविवारी बँगरला जाते. नाकात नळी,
तरी पहिला प्रश्न तोच,
"कोवळ्या तोडतेस ना? जून होऊ देऊ नकोस."
मी म्हणते, हो.

दाराच्या चौकटीवर, माझा हात पोचत नाही तिथे,
तीन शेंगा राहिल्यात.
आतलं बी टरारून आलेलं
रस्त्यावरूनसुद्धा दिसतं.
त्यांचं मी अजून सांगितलेलं नाही.