मागचं पान

वेलिंग्टनहून पत्र येईपर्यंत
पोर्ट मोर्सबीच्या कचेरीत
माझं उडणं एका पिवळ्या फोल्डरात पडून होतं.
चौदाशे बारा तास,
त्यातले नव्वद रात्रीचे,
आणि गंजलेली एक टाचणी.

खिडकीमागची गेउआ सुपारी चघळत विचारायची,
लायसन्सवर नाउलू, पासपोर्टवर वाका,
यातली उडते कोण?
मी सांगायचे, वाका नवऱ्याचं आडनाव.
नवरा सुव्हात असतो. दुसऱ्या घरात.
ती शिक्का उचलायची, पुन्हा ठेवायची.
सरकारी काम सगळीकडे सहा महिनेच थांबतं,
समुद्र ओलांडला तरी.

परक्या देशाचं लायसन्स
म्हणजे दुसऱ्याच्या घरातली आपली चप्पल.
असते आपलीच,
पण दाराशी काढलेली.

मग एका मंगळवारी शिक्का बसला.
वैध : एक इंजिन, जमिनीवरून.
एवढंच.
त्या एवढ्यावर मी आठ महिने
सेसनामधून तांदूळ, पत्रे, कॉफीची पोती,
एकदा पाय बांधलेलं डुक्कर
आणि एकदा एक शवपेटी नेली.
शवपेटीचं वजन नातेवाइकांना विचारावं लागतं.
कोणी शिकवत नाही
कसं विचारायचं ते.

इथे विमानाला बालुस म्हणतात.
बालुस म्हणजे कबुतरही.
पोरं धावपट्टीच्या कडेने पळत येतात, ओरडत,
आणि मला अजून कळलेलं नाही
ती दोघांतलं नक्की काय बघतात.

दोन इंजिनांच्या ट्विन ऑटरसाठी
मला शिकवायला आले ऑगस्टीन वाफी.
एकसष्ट वर्षांचे.
त्यांच्या लायसन्सचं मागचं पान भरून
खाली जोडपान चिकटवलं होतं,
त्यावरही जागा उरली नव्हती.
पावसाने शाई पसरलेली. काही विमानं तर
आता जगात कुठे उडत नाहीत.

ते कमी बोलायचे.
डावं इंजिन न सांगता बंद करायचे
आणि बाहेर डोंगर बघत बसायचे,
जणू बसथांब्यावर आहेत.
माझा उजवा पाय थरथरायचा.
पायाला माहीत आहे, म्हणायचे,
तू मध्ये पडू नकोस.

ओम्बारीची पट्टी चढावर आहे.
उतरायचं वर, निघायचं खाली,
दुसऱ्यांदा प्रयत्न नाही.
दहा वाजले की दरीतून ढग वर येतो,
भात उतू जावा तसा.
तिथे सहाव्या वेळी त्यांनी काहीच केलं नाही.
हात मांडीवर.
चाकं टेकली तेव्हा कळलं,
हीच परीक्षा होती.

त्या रात्री गेस्ट हाउसच्या जनरेटरखाली
त्यांनी मेडिकलचा कागद दाखवला.
हृदयाचा आलेख,
मधेच एक खोल खाच.
बघ, म्हणाले, ओम्बारीची खिंडच.
चाळीस वर्षं तिथून गेलो,
आता ती इथून जाते.

मेडिकल शुक्रवारी संपत होतं.
आज गुरुवार.
मी म्हटलं, अपील करता येतं,
ब्रिस्बेनला डॉक्टर आहेत, फॉर्म असतो.
फॉर्म कुठे मिळतो
तेही मीच त्यांना सांगू लागले,
ज्यांनी मला सगळं सांगितलं होतं.

ते पेन शोधत होते.
माझ्याकडे होतं, चालत नव्हतं.
शेवटी स्वयंपाकीणबाईंचं घेतलं,
हिशेबाच्या वहीला दोरीने बांधलेलं,
म्हणून माझं लायसन्स
भाजीच्या हिशेबाशेजारी ठेवून
त्यांनी सही केली.
ट्विन ऑटर.
शाई हिरवी.

गेउआने ती हिरवी सही
उजेडात धरून पाहिली.
नियमात निळी किंवा काळीच बसते.
सही पुन्हा घेऊन ये, म्हणाली.
मग माझ्या तोंडाकडे पाहिलं,
तारखेकडे पाहिलं,
आणि शिक्का
जरा जास्तच जोरात मारला.