निशाणी डावा अंगठा

समितीत एक सामान्य माणूस लागतो, असा नियम आहे.
विद्यापीठात तो सापडेना,
म्हणून मला फोन आला.

बत्तीस वर्षं कुर्ल्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात
मी लोकांचे अंगठे धरून शाईच्या पॅडवर टेकवले.
इथे चौथ्या मजल्यावर एसी गारठवतो,
उजवीकडे औषधशास्त्र, डावीकडे कायदा,
समोर बशीत चार काजू-बिस्किटं
आणि मानधनाचं पाकीट.
त्याची सही आधीच घेतात.

विषय क्रमांक सात.
बैंगनवाडीत जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या बायका,
त्यांच्या रक्तातलं शिसं.
संशोधक तेजल घाडीगावकर, वय सव्वीस,
दारापाशी खुर्चीच्या कडेवर.
मार्गदर्शक डॉ. दस्तूर परिषदेसाठी परदेशी.

संमतीपत्र मराठीत आहे म्हणे.
‘सदर अभ्यासातील माझ्या सहभागामुळे उद्भवू शकणाऱ्या
संभाव्य अस्वस्थतेची मला जाणीव करून देण्यात आली असून’
तीनदा वाचलं.
म्हटलं, सुई टोचेल, असं लिहा ना.
सगळे हसले.
इतिवृत्तात आलं:
सदस्यांनी भाषेबाबत मौलिक सूचना केली.

मग जोडपत्र क.
चाळीस बायका, चाळीस अंगठे.
हिराबाई सोनटक्के, नि. डा. अं.
मैमूना अन्सारी, नि. डा. अं.
चष्मा कपाळावर सारला.
जवळचं मला असंच दिसतं.

एकोणतिसाव्या पानावर भोवरा, जरासा कललेला,
खाली जुन्या कापल्याची आडवी रेघ.
तिसाव्यावर तोच भोवरा. तीच रेघ.
एकतिसावं, बत्तिसावं
थेट छत्तिसाव्यापर्यंत.
आठ बायका, अंगठा एक.
आणि किती स्वच्छ!
ॲसिडमध्ये हात घालणारीचा ठसा
असा उमटत नाही हो,
नुसता डाग पडतो.

मी मान वर केली तेव्हा
तेजलचा डावा अंगठा मुठीत गेला होता.

चौऱ्याण्णव साली एका बिल्डरचा माणूस
एका चाळीच्या अकरा खोल्यांचे कागद घेऊन आला होता.
अकरा भाडेकरू, भोवरा असाच, एकच.
साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, उरका.
मी शिक्का उचलला.
तेवढ्याला काही ताकद लागत नाही.

आज बोललो.
अध्यक्ष म्हणाले, आधी चहा घेऊ या का?
कायदा म्हणाला, नको.
तेजल उभी राहिली. सर, रक्त खरं आहे.
बायका खऱ्या आहेत. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला,
सुई काढल्या काढल्या पळाल्या सगळ्या.
पुन्हा गेले तर दोघी गावी, एक बाळंत.
मॅडमची मेल होती, चाळीसच हव्यात.
फेलोशिप मार्चमध्ये संपते.

औषधशास्त्राने ‘तांत्रिक त्रुटी’ असा शब्द सुचवला.
काम महत्त्वाचं आहे, अध्यक्ष म्हणाले,
शेवटी त्या बायकांसाठीच.

मी विचारलं,
त्या बायकांना आपापला आकडा कळला का?

पानं उलटली गेली.
एसीचा आवाज तेवढा.
अहवाल सहभागींना देण्याची तरतूद
प्रस्तावात नव्हती.
मागच्या मार्चमध्ये आम्हीच तो मंजूर केला होता.
माझी सही खाली, पाचवी.

अभ्यास थांबवला. चौकशी लागली.
इतिवृत्तात माझं वाक्य आलं नाही,
ते मी पेनाने समासात लिहिलं, तारीख घातली.

जिन्यात तेजलने गाठलं.
काका, माझं काय होईल?
मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.
मग ती म्हणाली, मैमूनाचा आकडा सगळ्यांत जास्त आहे. बेचाळीस.
तिला लहान मुलगी आहे, अंगावर पिते.
किती दिवस झाले?
दोन महिने.
रिक्षा कर, मी म्हणालो.

गोवंडीच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो
तेव्हा खिशात पाकीट लागलं.
परत ठेवायचं राहिलं होतं.
सही तर आधीच केलेली.